नवा डेटाबेस केला, पुस्तकांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं!

वाचनालयवाला:
गावच्या वाचनालयासाठी मायएसक्यूएल ५.७ वर (डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर) काल नवा डेटाबेस केला. नुसतं 'क्रिएट डेटाबेस', पुढे काही नाही. आई रजिस्टरातून वाचत गेली, मी टाइप करत गेलो, ४० पुस्तकं झाली. सकाळी बघतो तर दाखल क्रमांक, किंमत ठीक, नावाच्या जागी मात्र ??????. आता काय करू?

जुनाडीबीए:
५.७ मध्ये काही सांगितलं नाही तर कॅरॅक्टर सेट (कोणती अक्षरं साठवता येतील ते ठरवणारा संच) लॅटिन१ लागतो, त्यात देवनागरी बसतच नाही. स्ट्रिक्ट मोडही (न बसणारा डेटा नाकारणारी सेटिंग) बंद असणार, नाहीतर सर्व्हरने तिथेच एरर देऊन अडवलं असतं. 'ऑल्टर डेटाबेस'च्या (आहे त्या डेटाबेसची सेटिंग बदलणारी आज्ञा) नादी लागू नका, तो फक्त पुढे होणाऱ्या टेबलांना लागू होतो. गेलेली अक्षरं गेलीच, तिथे आता खरोखर प्रश्नचिन्हंच साठली आहेत. डेटाबेस ड्रॉप करा, म्हणजे काढून टाका, आणि 'कॅरॅक्टर सेट यूटीएफ८एमबी४' लिहून नव्याने करा. कनेक्शनलाही (तुमचा प्रोग्रॅम आणि सर्व्हर यांच्यातला दुवा) तोच सेट द्या, हे सगळे विसरतात.

रात्रपाळी:
नुसतं 'यूटीएफ८' लिहू नका हं. त्यात अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट. मराठी अक्षरं मावतात, म्हणून वर्षभर कळत नाही. मग कुणीतरी शेऱ्यात 👍 टाकतं, त्याला ४ लागतात. माझं असंच झालं, तेही रात्री दोनला. मायएसक्यूएल ८.० पासून यूटीएफ८एमबी४ आपोआप येतो.

वाचनालयवाला:
केलं. दाखल क्र. १ नीट दिसतोय, जोडाक्षरांसकट. उरलेल्या ३९ साठी आई म्हणते, चहा आधी.