चौथ्या गिअरला आवाज चढतो, वेग चढत नाही : क्लच गेला की इंजिन बसलं?

प्रश्न

नमस्कार मंडळी. गाडी १५ वर्षांची, १.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, पुढच्या चाकांना ड्राइव्ह, केबलचा क्लच. १,१०,००० किमी झालेत, क्लच अजून मूळचाच आहे. चढावर चौथ्या गिअरमध्ये रेस दिली की आवाज वाढतो, वेग मात्र तिथेच राहतो. पिकअप एकूणच कमी झालाय, अ‍ॅव्हरेज उतरलंय, आयडलला (रेस न देता उभी असताना) गाडी थोडी थरथरते. सकाळी पहिल्यांदा रिव्हर्स टाकताना खर्र आवाज येतो, नंतर दिवसभर येत नाही. एक मिस्त्री म्हणतो पूर्ण क्लच सेट टाका, दुसरा म्हणतो इंजिन उघडावं लागेल. काहीही खोलण्याआधी घरी काय तपासता येईल?

प्रतिसाद १

आधी क्लच आणि इंजिन वेगळे करा. त्यासाठी आरपीएमचा काटा पुरतो. पेडलवरचा पाय पूर्ण काढलेला असेल आणि क्लच घसरत नसेल तर एका गिअरमध्ये आरपीएम आणि वेग यांचं नातं पक्कं असतं. रस्ता सपाट असो की चढ, गाडीत एक माणूस असो की पाच, ते बदलत नाही.

उदाहरण घ्या. चौथा गिअर एकास एक, फायनल ड्राइव्ह (चाकांआधीची शेवटची गिअरजोडी) ४.१, चाकाचा घेर १.७५ मीटर. ६० किमी वेगाला गाडी मिनिटाला १००० मीटर जाते, म्हणजे चाकाच्या ५७१ फेऱ्या. त्याला ४.१ ने गुणलं की साधारण २३४०. चढावर पूर्ण रेस देऊन, त्याच ६० ला काटा २३४० च्या आसपासच असेल तर क्लच धरतोय आणि दोष इंजिनात आहे. काटा २९०० दाखवत असेल तर इंजिनच्या दर पाच फेऱ्यांपैकी जवळपास एक क्लचमध्येच वाया जातेय. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, म्हणून आधी सपाट रस्त्यावर हलक्या रेसवर ६० ला काटा कुठे असतो ते लिहून घ्या. तोच तुमचा संदर्भ.

कमजोर इंजिनात आरपीएम चढतच नाही, आवाज भारी होतो आणि गाडी गुदमरल्यासारखी चालते. क्लच घसरतो तेव्हा आवाज मोकळा, चढता असतो आणि थोड्या वेळाने जळका वास येतो. नुसत्या कानावर विसंबू नका, काटा बघा.

हॅण्डब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन बंद पडतं का ही जुनी चाचणी सगळे सांगतात. तिच्यात फक्त पार निकामी झालेला क्लच सापडतो. थोडा घसरणारा क्लच त्यातून सहज पास होतो, आणि दोन-तीनदा केलीत तर क्लचची प्लेट तुम्हीच तापवाल.

प्रतिसाद २

क्लचला हात लावण्याआधी एक सोपं काम करा. गाडी १० किमी चालवा, शेवटी ब्रेक कमीत कमी वापरून थांबा आणि चारही रिमजवळ हात न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर तिथला ब्रेक धरून बसलाय. पिकअप आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही खायला तेवढं पुरतं. टायरमधली हवाही बघून घ्या.

आता केबल. पेडल हाताने दाबा आणि प्रतिकार सुरू होईपर्यंत ते किती मोकळं जातं ते पट्टीने मोजा. केबलच्या बऱ्याच गाड्यांत हे अंतर १५ ते २५ मिमी असतं, नेमकं माप मॅन्युअलमध्ये मिळेल. इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो. प्लेट झिजली की मोकळी चाल वाढते असं वाटतं, पण घडतं उलटं. प्लेट पातळ होते, प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी चकती) फ्लायव्हीलकडे (इंजिनला जोडलेल्या जड चाकाकडे) सरकते, तिच्या डायफ्रामची (चपट्या स्प्रिंगची) बोटं रिलीज बेअरिंगकडे (पेडल दाबल्यावर बोटांना ढकलणाऱ्या बेअरिंगकडे) बाहेर येतात आणि चाल कमी होत जाते. ती शून्य झाली की पाय काढलेला असतानाही बेअरिंग बोटांवर दाब देत राहतं. म्हणजे तुम्ही कायम थोड्याशा हाफ क्लचमध्येच गाडी चालवताय. केबल ताणली गेली तर मात्र चाल वाढते, आणि तेव्हा त्रास घसरण्याचा नसतो, क्लच पूर्ण न सुटण्याचा असतो.

रिव्हर्सचा आवाज या प्रकरणात ओढू नका. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअरचा वेग जुळवून घेणारा भाग) नसतो. थंड इंजिनचं आयडल १२००–१४०० असतं आणि क्लच दाबल्यावरही गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (क्लचकडून फिरणारा दांडा) थोडा वेळ फिरत राहतो. क्लच तळापर्यंत दाबून पाच-सहा सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. आवाज गेला तर क्लच नीट सुटतोय. थांबूनही खर्र आवाज आला तर प्लेट अडकतेय : केबल ढिली, प्लेट वाकडी किंवा स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचा, ज्यांवर प्लेट सरकते) गंजलेली.

प्रश्नकर्ता

मोजलं. मोकळी चाल जवळपास शून्य होती. अ‍ॅडजस्टरचा नट ढिला करून १८ मिमी केली. आधी ६० ला सपाट रस्त्यावर २४००, चढावर २८००. आता दोन्हीकडे २४००. रिव्हर्स थांबून टाकला तर आवाज नाही. चाकं सगळी सारखीच. पण पिकअप अजून कमीच आहे आणि थरथर तशीच. काँप्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर) मिळाला, आकडे असे : १७५, १७०, ११५, १७२ पीएसआय.

प्रतिसाद १

म्हणजे दोन दोष होते आणि एक सापडला. दोन्ही मिस्त्री अर्धे बरोबर होते, पण कुणीच मोजलं नाही.

तिसरा सिलिंडर. आधी आकड्यावर विश्वास ठेवता येईल ना ते पक्कं करा : इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, फ्युएल पंपाचा फ्यूज काढलेला, इग्निशन कॉइलचा कनेक्टर काढलेला, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली, प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा झटके. कनेक्टर काढायला विसरलात तर उघड्या प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ आणि ठिणगी एकत्र येतात, त्यामुळे ही पायरी टाळू नका. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यात १०–१५ टक्क्यांहून जास्त फरक नको. तुमचा ३४ टक्के आहे.

मग ओली चाचणी. तिसऱ्यात प्लगच्या भोकातून ५ मिली, म्हणजे एक चहाचा चमचा, इंजिन ऑइल टाका, दोन-चार झटके देऊन पसरू द्या आणि पुन्हा मोजा. आकडा १४५–१५० वर उडाला तर पिस्टनची रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत). जागचा हलला नाही तर गळती वरून आहे, म्हणजे वाल्व किंवा हेड गॅस्केट (सिलिंडर आणि वरचं हेड यांमधलं पॅकिंग). गॅस्केट गेलं की बहुतेक वेळा शेजारचे दोन सिलिंडर एकत्र पडतात, नाहीतर कूलंटमध्ये बुडबुडे येतात आणि पाणी कमी होतं. एकटा तिसरा पडलाय, म्हणून माझा पहिला संशय वाल्ववर आहे.

प्रतिसाद ३

ऑइल टाकूनही आकडा हलला नाही तर हेड काढायची घाई करू नका. आधी वाल्व कव्हर काढून टॅपेटचा गॅप, म्हणजे वाल्व आणि त्याला दाबणारा भाग यांतली फट, बघा (इंजिन पूर्ण थंड हवं, आणि हायड्रॉलिक टॅपेट असतील तर हा भाग सोडून द्या). एक्झॉस्ट वाल्व आपल्या सीटमध्ये हळूहळू खोल बसत जातो आणि गॅप वाढायच्या ऐवजी कमी होतो. गॅप संपला की गरम झाल्यावर वाल्व पूर्ण बसत नाही, काँप्रेशन निसटतं आणि वाल्वची कड जळायला लागते. गॅप कमी झाला की टॅपेटचा आवाजही कमी होतो, त्यामुळे आवाज नाही म्हणजे सगळं ठीक असं लोक धरून चालतात आणि हा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो.

तिसऱ्याचा पिस्टन काँप्रेशनच्या टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला) आणा आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. थंड इंजिनवर बऱ्याच गाड्यांत इनटेक ०.१५–०.२० आणि एक्झॉस्ट ०.२०–०.३० मिमी असतो, पण कंपनीने दिलेलं मापच धरा. गेज अजिबात आत जात नसेल तर गॅप लावा, गाडी ५० किमी चालवा आणि काँप्रेशन पुन्हा घ्या. १५५–१६० च्या वर आलं तर वाल्व वाचला. ११५ लाच अडकलं तर कड जळलीय, मग हेड उतरवून वाल्व लॅपिंग (वाल्व सीटवर घासून बसवणं) किंवा नवा वाल्व. तेव्हाही बोअरला हात लावायची गरज नाही.

तोपर्यंत गाडी जोरात पळवू नका. मिसिंगमध्ये (सिलिंडर नीट पेटत नाही तेव्हा) न जळलेलं पेट्रोल थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जातं, तिथे पेटतं आणि आतली जाळी वितळवतं. मग तुंबलेल्या कन्व्हर्टरमुळेही पिकअप जातो आणि तुम्ही पुन्हा पहिल्यापासून शोधत बसता.

प्रतिसाद २

क्लचबद्दल एवढंच. चाल लावून घसरणं थांबलं असलं तरी इतके दिवस घसरलेली प्लेट गुळगुळीत झालेली असू शकते. दर १००० किमीला चाल मोजा. ती पटापट कमी होत असेल, किंवा अ‍ॅडजस्टरचे आटे संपत आले असतील, तर प्लेट संपत आलीय. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये पाय काढल्यावर घरघर आणि दाबल्यावर शांत, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. ते क्लच सेट टाकून जाणार नाही.

गिअरबॉक्स उतरवायची वेळ आलीच तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदमच बदला. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक चिरा आहेत का ते बघा. बेल हाउसिंगमध्ये (क्लचभोवतीच्या कवचात) ओलावा दिसला तर बोटाने घासून वास घ्या : काळं, पातळ असेल तर क्रँकचं मागचं सील. जाड आणि गंधकाचा उग्र वास असेल तर गिअरबॉक्सचं इनपुट सील. ते सील तेव्हाच बदला, नाहीतर नव्या प्लेटवर तेच तेल पडेल. प्लेट सेंटरिंग टूलने मध्यावर धरा, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा, आणि स्प्लाइनला ग्रीस अगदी नखभर लावा. जास्त लावलं तर ते उडून प्लेटवरच जातं.