अनुभव धागा: सभेचं इतिवृत्त लिहिण्याआधीची तयारी

३० सप्टेंबरच्या आत सोसायटीची वार्षिक सभा घ्यायची असते, म्हणून हा धागा. किस्से नकोत, पद्धत सांगा.

गोरेगाव, सोसायटीचे सेक्रेटरी
सांगाडा आदल्या रात्रीच तयार हवा. नोटिशीतल्या दर विषयाला वहीचं एक डावं पान. उजवं कोरं, कारण चौथा विषय चालू असताना कुणीतरी दुसऱ्यावर परत येतोच. पानाच्या तळाशी आधीच लिहून ठेवा: सूचक, अनुमोदक, बाजूने, विरुद्ध, तटस्थ. रिकामी जागा दिसली की तिथल्या तिथे विचारता येतं. सभा पांगल्यावर अनुमोदक सापडत नाही. नावापुढे फ्लॅट नंबर हवाच, एकाच विंगमध्ये तीन कदम निघतात.

दादर
कोरमसाठी (सभा चालवायला लागणारी किमान हजेरी) दोन ओळी राखून ठेवा: किती वाजता किती हजर, आणि तहकूब सभा किती वाजता सुरू. एकूण सभासदांच्या २/३ किंवा २०, यांतला कमी आकडा लागतो. अर्ध्या तासात भरला नाही तर सभा तहकूब. तहकूब सभेला कोरमची अट नाही, मात्र तिची वेळ नोटिशीत छापलेली असावी. चूक होते ती हजेरीत. एकाच फ्लॅटचे नवरा-बायको दोघं सह्या करतात आणि डोकी मोजली जातात. सभासद रजिस्टरवरून फ्लॅटवार यादी काढा, सही त्या नावासमोरच घ्या.

बीकेसी, कंपनी सेक्रेटरी
बोर्ड मीटिंगचं वेळापत्रक वेगळं: मसुदा १५ दिवसांत संचालकांकडे, त्यांच्या सूचनांना ७ दिवस, मिनिट बुकात, म्हणजे इतिवृत्ताच्या वहीत, नोंद ३० दिवसांत. ठरावांचा मसुदा अजेंडासोबतच बनतो, पण त्यात ‘मंजूर’ आधी टाकू नका. बैठकीत रक्कम बदलते आणि जुनाच आकडा राहून जातो. हितसंबंध असलेला संचालक कोणत्या विषयाला बाहेर गेला, व्हिडिओवरून कोण जोडलं गेलं, यांचे रकाने आधी आखा.

मुलुंड
‘चर्चा होऊन रंगकाम करायचे ठरले’ हा ठराव नव्हे! कंत्राटदार, रक्कम, कुठल्या फंडातून, कधीपर्यंत, या चार जागा छापूनच न्या. पुढचा विषय घेण्याआधी ठराव मोठ्याने वाचा. एकानेही विरोध केला असेल तर ‘सर्वानुमते’ लिहायचं नाही, ‘बहुमताने’.

बोरिवली
रेकॉर्डिंग करणार असाल तर सभेला सांगून. फोन पंख्याखाली नको, नुसती घरघर येते. विषय सुरू झाला की समासात वेळ टाका, ७:४२ वगैरे. नाहीतर एक आकडा शोधायला दोन तास ऐकावं लागतं. पुनर्विकासात विकासक निवडीच्या सभेचं चित्रीकरण मात्र सहकार कायद्याच्या कलम ७९(अ)खालच्या सरकारी निर्देशांप्रमाणे करावंच लागतं.

दादर
राहिलंच: मिनिट बुकात व्हाइटनर नको. चुकलं तर एक रेघ, बाजूला अध्यक्षांची सही.