आपल्या भागातल्या वन्यजीवांच्या नोंदी एका नकाशावर आणायच्यात, स्वतःची वेबसाइट करावी का?

रानवाट
आम्ही काही हौशी मंडळी आमच्या परिसरातले पक्षी, फुलपाखरं, साप, सस्तन प्राणी बघत फिरतो. नोंदी भरपूर आहेत पण कुणाच्या एक्सेलमध्ये, कुणाच्या वहीत, आणि उरलेल्या व्हॉट्सॲपवर वाहून जातात. आता असं डोक्यात आहे की सगळं एका नकाशावर आणायचं, कुठल्या पट्ट्यात काय दिसतं, गवताळ माळ आणि पाणथळ जागा कुठे उरल्यात, दरवर्षी काय फरक पडतोय ते कळायला हवं. ग्रुपमधल्या एकाला प्रोग्रामिंग येतं, तो म्हणतो स्वतःची वेबसाइट करू. बाकीचे म्हणतात ईबर्ड (पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइट) आणि आयनॅचरलिस्ट (सगळ्याच जीवांच्या नोंदींची) असताना कशाला? आणि सगळं उघड केलं तर लोक थेट घरट्यापर्यंत पोचतील ही भीती आहेच. कुणी असं काम केलंय का, सुरुवात कुठून करावी?

नकाशेवाला
वेबसाइटचा विचार सोडा. बनवणं जमेल हो, पण पाच वर्षांनी ती सांभाळणार कोण, आणि प्रजाती चुकीची लिहिली तर दुरुस्त कोण करणार? आयनॅचरलिस्ट २००८ पासून चालू आहे, तिथे फोटो, तारीख, जागा टाकली की बाकीचे लोक ओळख पटवतात, दोन तृतीयांशाहून जास्त जणांचं एकमत झालं आणि प्राणी पाळीव नसेल तर नोंद रिसर्च ग्रेड, म्हणजे संशोधनात वापरण्याजोगी, होते आणि तिथून जीबीआयएफला जाते. जीबीआयएफ म्हणजे २००१ मध्ये सुरू झालेला जगभरच्या नोंदींचा खुला साठा, त्यात अब्जावधी नोंदी आहेत आणि संशोधक तिथूनच डेटा उचलतात. तुमच्या वेबसाइटवर कोण येणार शोधत?

एक सेटिंग मात्र सगळ्यांनी तपासा, लायसन्स, म्हणजे तुमची नोंद इतरांनी कशी वापरायची याची परवानगी. सर्व हक्क राखीव ठेवले तर नोंद जीबीआयएफला जात नाही, तिथे सीसी झिरो (कसंही वापरा), सीसी बाय (नाव देऊन वापरा) किंवा सीसी बाय एनसी (नाव देऊन, पण धंद्यासाठी नको) यापैकीच काहीतरी लागतं. तुमच्या भागाची हद्द देऊन प्रोजेक्ट केलात की आतल्या सगळ्या नोंदी आपोआप गोळा होतात, अनोळखी लोकांच्यासुद्धा, मग सीएसव्ही (नोंदींच्या तक्त्याची साधी फाइल) उतरवून क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हवा तसा नकाशा करा, प्रोग्रामिंगवाल्या मित्राला तिथे भरपूर काम आहे!

वहीतल्या जुन्या नोंदी फेकू नका. शास्त्रीय नाव, तारीख, अक्षांश-रेखांश, कुणी पाहिलं, आणि जागा किती मीटर इकडेतिकडे असू शकते एवढे रकाने करा. हा शेवटचा रकाना लोक हमखास गाळतात. 'तळ्याजवळ' एवढंच लिहिलेलं असेल तर तळ्याचा मध्य धरून अनिश्चितता ५०० मीटर लिहा, पण दशांशापुढे सहा आकडे टाकून खोटी अचूकता आणू नका. अशी यादी जीबीआयएफवर एखाद्या संस्थेमार्फत टाकावी लागते, व्यक्तीला थेट टाकता येत नाही. आणि हो, व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की त्यातली जीपीएस माहिती उडते, मूळ फाइल मागून घ्या.

टिटवी
घरट्यांची भीती अगदी रास्त आहे. चीनमधल्या एका गुहेतल्या पालीचं उदाहरण आहे, गोनियुरोसॉरस लुई, १९९९ मध्ये तिचं वर्णन छापून आलं आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापारासाठी इतकी पकडली गेली की मूळ जागेवरून ती संपलीच. आयनॅचरलिस्टवर धोक्यातल्या बऱ्याच प्रजातींची जागा आपोआप धूसर होते, ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी बिंदू दिसतो, म्हणजे विषुववृत्ताजवळ बाजू साधारण २२ किमी. पण साध्या प्रजातीचं घरटं, वटवाघळांची वस्ती किंवा ऑर्किडची जागा असेल तर ते सेटिंग स्वतःच करावं लागतं, आणि फोटोत ओळखू येणारा दगड, देऊळ, मोबाइल टॉवर असेल तर धूसर करून काही उपयोग नाही. प्रोजेक्ट चालवणाऱ्या एक-दोन विश्वासू माणसांना खरी जागा दिसू देण्याची सोय आहे, ती वापरा.

पण म्हणून सगळंच दडवू नका ही कळकळीची विनंती. ज्या माळावर एकही नोंद नाही तो माळ कागदोपत्री पडीकच ठरतो, आणि तिथे काही उभं राहायची वेळ आली की आपल्याकडे दाखवायला काही नसतं.

मोजदाद
वरच्या दोघांशी सहमत, पण खरी गोम वेगळीच आहे. नुसते ठिपके टाकलेत तर तो प्राण्यांचा नकाशा होत नाही, माणसं कुठे फिरतात त्याचा होतो, रस्त्याकडेला आणि सुट्टीच्या दिवशी ठिपकेच ठिपके. मधली मोकळी जागा म्हणजे प्राणी नाही की कुणी गेलंच नाही, काय सांगणार?

म्हणून किती वेळ, किती अंतर, किती माणसं हे प्रत्येक वेळी लिहाच. ईबर्डमध्ये जे जे ओळखता आलं ते सगळं नोंदवलं का असा प्रश्न येतो, त्याला हो म्हणता येईल अशीच चेकलिस्ट करा, कारण मग यादीत नसलेला पक्षी हीसुद्धा माहिती होते. परिसराचे २ किमी बाजूचे चौकोन पाडा, त्यातले काही चिठ्ठ्या टाकून निवडा (आवडीचे नकोत) आणि एकाच हंगामात तिथे पुन्हा पुन्हा जा. समजा एखादा प्राणी तिथे असूनही एका फेरीत दिसायची शक्यता ४० टक्के आहे, तर तीन फेऱ्यांनंतरही जवळपास २२ टक्के वेळा तो निसटतो, पाच फेऱ्या केल्या तर ८ टक्क्यांवर येतं. एका फेरीवरून 'इथून नाहीसा झाला' म्हणणं म्हणूनच धोक्याचं.

अधिवासासाठी सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रं फुकट आहेत, १० मीटरची (चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर) आणि २०१५ पासूनची. त्याआधीचं हवं असेल तर लँडसॅट उपग्रहांचं, ३० मीटरचं, ऐंशीच्या दशकापर्यंत मागे जाता येतं. जगभराचे तयार भूआच्छादन नकाशे (कुठे शेती, कुठे जंगल, कुठे पाणी ते दाखवणारे) मिळतात पण त्यात गवताळ माळ कधी शेती तर कधी उघडी जमीन म्हणून रंगवलेला असतो, तेव्हा पायी जाऊन पडताळल्याशिवाय विश्वास ठेवू नका. ठरलेल्या जागेवरून, ठरलेल्या दिशेने दर हंगामात एक फोटो, याला खर्च काहीच नाही आणि फरक डोळ्यांना दिसतो.

रानवाट
मनापासून आभार, वेबसाइट रद्द! चौकोनांचं पटलं, या हंगामापासून तेच करतो. रात्रीच्या प्राण्यांसाठी कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) मिळू शकतायत, त्यांचा डेटा यातच घालायचा का?

मोजदाद
वेगळा ठेवा आणि निवडक फोटो आयनॅचरलिस्टवर टाका. कॅमेरा कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत चालू होता ते लिहा, काहीच आलं नाही तरी, नाहीतर पुन्हा तीच अडचण. लावताना घड्याळ तपासा, सेल बदलले की बऱ्याचदा तारीख मागे जाते. रिकामे फोटो गाळायला मेगाडिटेक्टर नावाचं सॉफ्टवेअर आहे, तो प्राणी, माणूस, वाहन एवढंच वेगळं करतो, प्रजाती तुम्हालाच बघावी लागेल. एकच प्राणी कॅमेऱ्यासमोर रेंगाळला की पन्नास फोटो येतात, त्यामुळे अर्ध्या तासातले एकाच प्रजातीचे फोटो मिळून एक नोंद धरतात. माणसांचे फोटो मात्र कुठेही टाकू नका, सरपण न्यायला आलेल्या बाईचा फोटो ग्रुपवर फिरला तर गावातलं कुणी पुन्हा कॅमेरा लावू देणार नाही, आणि बरोबरच आहे ते.