जेनोसाइडला मराठीत नेमकं काय म्हणायचं? नरसंहार, वंशसंहार, वंशविच्छेद की अजून काही?

भाचीला एम.ए.च्या पेपरसाठी रवांडा आणि बोस्नियावरच्या नोट्स मराठीत करून हव्यात आणि मी हौसेने हो म्हणून बसले. पहिल्याच पानावर गाडी अडली. जेनोसाइड या एका शब्दाला पेपरवाले कधी नरसंहार लिहितात, कधी वंशसंहार, कधी वंशविच्छेद, आणि चॅनलवाले तर थेट हिंदीतला कत्लेआम. त्यात मास अ‍ॅट्रॉसिटीज, एथनिक क्लिन्झिंग, क्राइम्स अगेन्स्ट ह्युमॅनिटी हे सगळे वेगवेगळे प्रकार आहेत म्हणे. मला तर सगळीच हत्याकांडं वाटतात. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद:
नरसंहार लिहा ना सरळ. सगळ्यांना कळतो, एवढा कीस काढायची गरज नाही.

प्रतिसाद:
कळतो म्हणजे काय कळतं, तर खूप माणसं मारली. पण जेनोसाइडचा मुद्दा आकड्याचा नाहीच मुळी. राफाएल लेमकिन नावाच्या पोलिश ज्यू वकिलाने हा शब्द 1944 मध्ये तयार केला, ग्रीकमधला गेनोस म्हणजे वंश किंवा जमात आणि पुढे लॅटिनमधून आलेलं साइड म्हणजे मारणं. त्याचे स्वतःचे 49 नातेवाईक नाझींनी केलेल्या ज्यूंच्या कत्तलीत गेले. त्याला म्हणायचं होतं ते असं की मारणारा माणसाला माणूस म्हणून मारत नाही, तो त्या गटाचा आहे म्हणून मारतो आणि खरं लक्ष्य तो गट असतो. नरसंहार शब्दात हा गटच गळून पडतो. जालियनवाला बाग हत्याकांड होतं, भयंकर होतं, पण त्याला कोणी जेनोसाइड म्हणत नाही, आणि ते मृतांच्या संख्येमुळे नाही.

दुसरं म्हणजे संहार या शब्दाला आपल्याकडे देवाधर्माचा वास आहे. संहार शंकर करतो, प्रलयात होतो. त्यात कोणीतरी ऑफिसात बसून याद्या केल्या, रोडब्लॉक लावून लोकांची ओळखपत्रं तपासली, हे येतच नाही. आत्महत्या, भ्रूणहत्या, गोहत्या अशी आपली रीत बघितली तर वंशहत्या व्हायला हवं होतं पण ते फारसं कोणी वापरत नाही.

प्रतिसाद:
हत्या पण पुरत नाही हो. 9 डिसेंबर 1948 ला युनोत जो करार मंजूर झाला त्याचं कलम 2 वाचा. पाच कृत्यं दिलीत, त्यातलं थेट ठार मारणं एकच आहे. बाकीची म्हणजे गंभीर शारीरिक किंवा मानसिक इजा करणं, गट तगूच नये अशा परिस्थितीत त्याला मुद्दाम ठेवणं, त्या गटात मुलं जन्मू नयेत म्हणून उपाय करणं, आणि त्यांची मुलं जबरदस्तीने दुसऱ्या गटात नेणं. आता शेवटच्या दोनमध्ये एकही माणूस मेला नसेल तरी, गट नष्ट करण्याचा हेतू सिद्ध झाला तर, गुन्हा जेनोसाइडचाच. संहार, हत्या, कत्तल, यातलं काहीही तिथे बसत नाही. वंशविच्छेद बसतो, कारण विच्छेद म्हणजे तोडणं, धागा तुटला की झालं. आपल्या आज्या ‘तुझा निर्वंश होवो’ असा शाप द्यायच्या, तो कलम 2 च्या फार जवळचा आहे, कारण त्यातही मारणं नाही, पुढे कोणी उरू नये हे आहे.

माझं मत वंशविच्छेदला. पण त्याच्या पहिल्या वापराला एका ओळीत व्याख्या द्या, नाहीतर वाचणारा ‘वंशाचा दिवा’वाला वंश समजून कुठल्यातरी घराण्याचं काहीतरी चाललंय असं धरून बसेल.

प्रतिसाद:
आणि धार्मिक गट? करारात चार प्रकारचे गट आहेत, राष्ट्रीय, एथ्निक, रेशियल आणि धार्मिक. पहिली पंचाईत ही की एथ्निक आणि रेशियल दोन्हीला मराठीत आपण वांशिकच म्हणतो, म्हणजे चाराचे तीनच राहिले. दुसरी पंचाईत ही की धर्म म्हणजे वंश नाही.

रवांडाचं तर अजूनच अवघड आहे आणि तुमच्या भाचीला हे नक्की लागेल. तुत्सी आणि हुतू एकच भाषा बोलतात, एकाच चर्चमध्ये जातात, शेजारी राहतात, आपसात लग्नंही होत होती. बेल्जियनांनी 1930 च्या दशकात ओळखपत्रावर तुत्सी का हुतू ते छापायला सुरुवात केली आणि 1994 मध्ये हुतू अतिरेक्यांनी तुत्सींना मारलं तेव्हा तेच कार्ड जीवावर उठलं. तिथल्या किन्यारवांडा भाषेत या तुत्सी-हुतू ओळखीला उब्वोको म्हणतात, जो शब्द आधी कुळाला वापरायचे आणि ज्याचा अर्थ नुसता ‘प्रकार’ असाही होतो. रवांडाच्या खटल्यांसाठी युनोने टांझानियात अरुशाला नेमलेल्या ट्रायब्युनलने 2 सप्टेंबर 1998 ला रवांडातल्या ताबा गावाचा माजी महापौर झाँ-पॉल अकायेसू याला दोषी धरलं, आंतरराष्ट्रीय कोर्टाने जेनोसाइडसाठी दोषी ठरवलेला हा पहिला माणूस, आणि त्या निकालात न्यायाधीशांना आधी हाच प्रश्न सोडवावा लागला की तुत्सी या चारपैकी नेमके कुठे बसतात. तेव्हा ‘वंश’ शब्दावर एवढा भरवसा ठेवू नका.

रवांडातल्यांनी स्वतः काय केलं तर त्यांच्याकडे इत्सेंबाब्वोको असा देशी शब्द होता, म्हणजे जवळजवळ आपला वंशविच्छेदच, पण आज सरकारी नावात जेनोसिदे आहे. आपणही जेनोसाइड देवनागरीत लिहिलं तर काय बिघडतं? पोलीस, कोर्ट, वॉरंट चालतं ना.

प्रतिसाद:
नोट्समध्ये दोन्ही ठेवा, कायद्याची गोष्ट असेल तिथे जेनोसाइड आणि वर्णनात वंशविच्छेद. भांडण मिटलं.

माझा खरा आक्षेप मास अ‍ॅट्रॉसिटीजवर आहे. याचं ‘सामूहिक अत्याचार’ करू नका, हात जोडतो. मराठी पेपरात अत्याचार म्हणजे बलात्कार आणि सामूहिक अत्याचार म्हणजे गँगरेप, हे इतकं पक्कं बसलंय की दुसरा अर्थ उरलेलाच नाही. बरं अ‍ॅट्रॉसिटी तसाच ठेवला तर महाराष्ट्रात अ‍ॅट्रॉसिटी म्हणजे 1989 चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, ‘त्याच्यावर अ‍ॅट्रॉसिटी दाखल केली’ असं गावोगाव बोलतात. दोन्हीकडून अडचण. आणि अकायेसूच्या निकालात तर तुत्सी बायकांवरचे बलात्कार हेसुद्धा जेनोसाइडचं कृत्य ठरतात असं पहिल्यांदा म्हटलंय, म्हणजे एकाच परिच्छेदात दोन्ही अर्थांचा अत्याचार येणार. तिथे तरी बलात्कार हा शब्द स्पष्ट लिहा, पेपरी सोवळं नको.

प्रतिसाद:
महाअत्याचार?

प्रतिसाद:
पौराणिक सिरियलचं नाव वाटतं. ‘सामूहिक क्रौर्य’ बरं.

मानवतेविरुद्धचे गुन्हे हा वेगळाच ठेवा. तिथे विशिष्ट गट संपवण्याचा हेतू सिद्ध करावा लागत नाही, नागरिकांवर व्यापक किंवा पद्धतशीर हल्ला पुरतो. कंबोडिया बघा, ख्मेर रूज या कम्युनिस्टांच्या 1975 ते 79 च्या राज्यात साधारण 17 लाख माणसं गेली असं धरतात, बहुतेक तिथल्या बहुसंख्य ख्मेर समाजाचीच, म्हणजे मारणारे आणि मरणारे एकच. 2018 च्या निकालात ख्मेर रूजचा दोन नंबरचा नेता नुऑन चेआ याला जेनोसाइडसाठी दोषी धरलं ते चाम मुस्लिम आणि व्हिएतनामींच्या बाबतीत, बाकी प्रचंड मोठा भाग मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांत गेला. राजकीय गट 1948 च्या करारात घेतलेच नाहीत, म्हणून वर्गशत्रू म्हणून मारलेली माणसं त्या व्याख्येत येत नाहीत. यावर अभ्यासकांचे अजूनही वाद आहेत आणि पॉलिटिसाइड (राजकीय गट संपवणं), डेमोसाइड (सरकारनेच माणसं मारणं) असे शब्द त्यातूनच निघाले. त्यांना मराठी शब्द शोधायच्या फंदात पडू नका.

प्रतिसाद:
एथनिक क्लिन्झिंगला ‘वांशिक शुद्धीकरण’ लिहितात ते मला खटकतं. शुद्धी हा आपल्याकडे चांगला शब्द आहे, आणि क्लिन्झिंग हा मुळात मारणाऱ्यांच्या बाजूचा शब्द, 1990 च्या दशकातल्या बोस्नियाच्या युद्धातून जगभर गेला. रवांडात मारण्याला ‘गुकोरा’ म्हणजे काम करणं म्हणायचे, तसलाच प्रकार. मी ‘वांशिक हुसकावणी’ लिहीन, कारण माणसांना तिथून घालवणं हा गाभा आहे. मात्र बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साला हुसकावणी म्हणू नका. जुलै 1995 मध्ये तिथे बोस्नियन सर्ब सैन्याने आठ हजारांहून जास्त मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले आणि हेगच्या दोन्ही कोर्टांनी, म्हणजे युगोस्लाव्हियासाठीच्या ट्रायब्युनलने आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, ते जेनोसाइड ठरवलंय.

प्रतिसाद:
अवांतर, शिरकाण हा अस्सल मराठी शब्द कोणालाच आठवला नाही? शिर्क्यांच्या कत्तलीवरून आला असं सांगतात, व्युत्पत्ती खरी का खोटी हा वेगळा वाद. पण त्यात एक कूळ म्हणून मारणं आहे.

प्रतिसाद (धागाकर्ती):
सगळ्यांचे आभार. शिरकाण नोट्समध्ये नाही घालत, प्रोफेसर बखर समजतील. वंशविच्छेद, व्याख्येसकट, आणि कोर्टाच्या भागात जेनोसाइड असं ठरवलं. बायस्टँडरला ‘बघे’ मला आपोआप सुचलं. आता गचाचा राहिलं, म्हणजे रवांडातल्या त्या गावोगावच्या हजारो कोर्टांचं, 2012 पर्यंत चालली ती. शब्दाचा अर्थ गवत, कारण लोक गवतावर बसून निवाडा करायचे. गावपंचायत लिहिलं तर चालेल का?

प्रतिसाद:
नको, जातपंचायत आठवते. गचाचाच ठेवा.