मदत हवी आहे: कैद्यांना घोड्यांची देखभाल शिकवायची आहे

सायली_प: सोमवारी प्रस्ताव द्यायचाय आणि अभ्यासक्रमाचं पान अजून कोरं आहे. तीन महिन्यांत काय काय शिकवता येईल? सुटल्यावर तबेल्यात काम मिळालं पाहिजे. लवकर सांगा प्लीज.

तबेलेवाला: तुरुंग खुला की बंद? घोडे कुणाचे? त्याशिवाय काय सांगणार?

हडसनकाठचा: ताई, इकडे न्यूयॉर्क राज्यात वॉलकिलच्या तुरुंगात १९८४ पासून हेच चालू आहे. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे थरोब्रेड रिटायरमेंट फाउंडेशन ही संस्था देते, कैदी सांभाळतात. केंटकीत ब्लॅकबर्नच्या तुरुंगातही आहे. तुम्हीही निवृत्त घोडेच घ्या.

तबेलेवाला: नवख्यांच्या हाती थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा? बुजला की लाथ बसलीच. सारंगखेड्याच्या बाजारात गरीब स्वभावाचा देशी घोडा बघा.

हडसनकाठचा: वॉलकिललाही नवखेच येतात हो. शिकवणारा सतत सोबत असतो, मुद्दा तो आहे.

खानदेशी_बाळू: दत्तजयंतीला सारंगखेड्याला कोण कोण येतंय? नंदुरबारहून सोबत जाऊ.

नालबंद_नाना: नालबंदी, म्हणजे खुरांना नाल ठोकणं, शिकवा. खूर दर सहा-आठ आठवड्यांनी तासावे लागतात, त्यामुळे काम कायम मिळतं.

तबेलेवाला: नाना, तीन महिन्यांत नालबंद? खिळा आत लागला तर घोडा लंगडा होईल. आधी खरारा, लीद काढणं, चारापाणी, खुरातली घाण काढणं हे अंगवळणी पडू दे.

सायली_प: खुलं कारागृह आहे, शेती आहे. एक मालक दोन घोड्या द्यायला तयार आहेत. पण पोटदुखी वगैरे कैद्यांना कशी ओळखता येणार? डॉक्टर रोज येणार नाहीत.

पिंट्याचे_बाबा: पुण्यात सात वर्षांच्या मुलाला घोडेस्वारी कुठे शिकवतात?

पशुवैद्य_सातारा: सायलीताई, पहिल्या आठवड्यापासून प्रत्येकाला वही द्या. रोज सकाळी ताप आणि नाडी लिहायची. निरोगी मोठ्या घोड्याचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, विश्रांतीतली नाडी मिनिटाला २८ ते ४४. चारा सोडला, सारखा पोटाकडे वळून बघतोय, पायाने जमीन उकरतोय, लोळतोय, की तडक फोन. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोट फुगलं तर थांबायला वेळ नसतो. नोकरी मागताना हीच वही दाखवू दे. कोणताही तबेला अशा माणसाला आधी घेईल.

सायली_प: वहीचं आजच घालते. खूप आभार!

तबेलेवाला: त्या घोड्यांची वयं काय? ग्लँडर्सची रक्ततपासणी झालीय का? तो आजार माणसालाही होतो. आणि मालक घोड्या का देतायत, ते विचारलंत?