ड्यूटी स्टेशनचं ए ते ई रेटिंग कितपत मनावर घ्यायचं?

भटकभवानी

नमस्कार मंडळी, यूएन किंवा तिच्या एखाद्या एजन्सीत काम केलेले बरेच जण इथे आहेत म्हणून विचारतेय. मला एकाच एजन्सीकडून दोन जागांबद्दल विचारणा झालीये, ग्रेड तोच (पी-३), काम पण जवळपास तेच, फक्त नेमणुकीचं ठिकाण (ड्यूटी स्टेशन) वेगळं. एक ठिकाण 'सी' आहे, फॅमिली नेता येते. दुसरं 'ई' आणि वर नॉन-फॅमिली. मुलगा सात वर्षांचा आहे, नवऱ्याचं काम लॅपटॉपवरचं आहे त्यामुळे तो कुठूनही करू शकतो. एचआरने जो मेल पाठवलाय त्यात हार्डशिप क्लासिफिकेशन (तिथे राहणं किती कठीण त्याचा वर्ग) अमुक एवढंच आहे, पुढे एक तक्ता चिकटवलाय, झालं.

आता हे अक्षर ठरवतं कोण आणि कशावरून? ई म्हणजे धोकादायक असं समजायचं का? आणि एकाच देशातली दोन शहरं, एक बी आणि एक डी, असं पण बघितलं मी यादीत. एका ओळखीच्यांचं म्हणणं आहे की हे सगळं कागदोपत्री असतं, ऑफिसवाले भत्त्यासाठी रडून रडून वरचा वर्ग मिळवतात. खरं काय? पैशाचा फरक बघून डोळे फिरलेत हे लपवत नाही.

कागदीघोडे

अॅडमिनमध्ये आयुष्य गेलं त्यामुळे हे माझं खातं आहे, जरा लांबण लागेल.

हे वर्ग तुमची एजन्सी ठरवत नाही. इंटरनॅशनल सिव्हिल सर्व्हिस कमिशन, म्हणजे आयसीएससी, ठरवतं. जनरल असेंब्लीने १९७४ साली ठराव करून हे कमिशन काढलं, पंधरा मेंबर असतात आणि यूएनच्या कॉमन सिस्टीममधल्या सगळ्या संस्थांना तीच यादी लागू होते, म्हणून युनिसेफला एक अक्षर आणि त्याच गावात डब्ल्यूएचओला दुसरं असं होत नाही. 

एकूण सहा वर्ग. 'एच' म्हणजे हेडक्वार्टर आणि त्यासारखी ठिकाणं, न्यूयॉर्क, जिनिव्हा, व्हिएन्ना वगैरे, युरोपियन युनियनमधली ठिकाणं पण त्यातच. बाकी ए ते ई, चढत्या त्रासाने. बघतात काय तर सुरक्षितता, आरोग्यसेवा, शिक्षण, घरं, हवामान, एकाकीपणा (म्हणजे ते गाव जगापासून किती तुटलेलं आहे) आणि रोजच्या जगण्याच्या सोयी. वर्ग शहराला मिळतो, देशाला नाही, त्यामुळे राजधानी बी आणि सीमेवरचं गाव डी हे अगदी नॉर्मल आहे. राजधानीत विमानतळ आहे, हॉस्पिटल आहे, शाळा आहे, आणि तिकडे पावसाळ्यात रस्ताच नाही, तर अक्षर एकच कसं राहील?

आता भत्ता. ए आणि एच ला शून्य. बी पासून सुरू. २०१६ ला जो नवा तक्ता आला त्यात पी-१ ते पी-३ ला वर्षाला बी साठी ५,८१० डॉलर, सी ला १०,४७०, डी ला १३,९५० आणि ई ला १७,४४० असे होते. नंतर आकडे सुधारलेत, तुमच्या मेलमधला तक्ता ताजा असेल तो धरा. नॉन-फॅमिलीचा भत्ता निराळा असतो, त्या वेळी कुटुंब असलेल्याला वर्षाला १९,८०० आणि एकट्याला ७,५००. म्हणजे जुन्या आकड्यांनीच हिशोब केला तरी तुमच्या दोन जागांत वर्षाला सव्वीस-सत्तावीस हजार डॉलरचा फरक पडतो, डोळे फिरणारच.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा, हार्डशिप आणि नॉन-फॅमिली हे दोन वेगळे निर्णय आहेत. नॉन-फॅमिली हे सुरक्षेच्या कारणावरून ठरतं, यूएनडीएसएस, म्हणजे यूएनचं सुरक्षा खातं, शिफारस करतं की कुटुंबाला सहा महिने किंवा जास्त काळ तिथे ठेवू नका, मग आयसीएससीचे चेअरमन तसं जाहीर करतात. त्यामुळे ई असून फॅमिली नेता येणारं ठिकाण असू शकतं.

उंटावरून शेळ्या

वा, सगळं कसं शिस्तीत! आता जरा तो २०१६ चा तक्ता नीट बघा. त्याच गावात, त्याच उन्हात, त्याच डासांमध्ये पी-३ ला १७,४४० आणि पी-४ ला २०,९३०, आणि डी-१ व त्यावरच्या साहेबांना २३,२५०. डास ग्रेड बघून चावतात का? उलट साहेबांचं घर सगळ्यात चांगलं, जनरेटर त्यांच्याकडे पहिला. त्रास मोजायचाय तर सगळ्यांना सारखा मोजा ना. (हे डी-१ म्हणजे माणसाचा ग्रेड, डी वर्ग म्हणजे ठिकाण, नवीन माणूस इथेच गोंधळतो.)

आणि ज्या प्रश्नावलीवरून वर्ग ठरतो ती भरतं कोण? तिथलंच ऑफिस. ज्याला भत्ता मिळणार त्यालाच विचारायचं की बाबा तुला किती त्रास होतो. कोण म्हणेल की मजेत आहे?

कागदीघोडे

शेळ्यासाहेब, ग्रेडवाल्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने आहे, तो तक्ता पगाराशी प्रमाण राखायला केलाय, त्रासाशी नाही. त्याचं समर्थन मला आजवर कोणी पटेल असं दिलेलं नाही.

पण प्रश्नावलीचं तुम्ही अर्धंच सांगताय. प्रश्नावली ऑफिस भरतं हे खरं, आणि तिच्यात थोडं मीठमसाला पडतो हेही खरं, मी भरल्यात म्हणून सांगतो. 'बाजारात ताजी भाजी मिळते का' याला 'कधीकधी' असं उत्तर लिहिण्यावरून तासभर मीटिंग चाललेली बघितलीये. पण सुरक्षिततेचं मूल्यमापन यूएनडीएसएसकडून येतं, आरोग्याचं यूएनच्या मेडिकल सर्व्हिसकडून. ऑफिसने कितीही रडगाणं गायलं तरी हे दोन खांब त्यांच्या हातात नाहीत, आणि वरच्या वर्गात जायला हेच दोन जास्त जड असतात. शिवाय उलटा दाब पण असतो हे कोणी बोलत नाही. यजमान सरकारला आपल्या शहरावर डी चा शिक्का आवडत नाही, आणि वर्ग वाढला की एजन्सीचं बजेट वाढतं, त्यामुळे वरचं ऑफिस काही टाळ्या वाजवत बसत नाही.

झोळीवाला

ई मध्ये राहिलेला माणूस बोलतोय. भवानीताई, तुमचा मूळ प्रश्न ई म्हणजे धोकादायक का, तर नाही, म्हणजे तसंच असं नाही. काबूल, मोगादिशू, जुबा ही नावं सगळ्यांच्या डोळ्यासमोर येतात आणि तिथे सुरक्षितता हेच मुख्य कारण आहे, पण दुसऱ्या एखाद्या ठिकाणी बंदुकीचा आवाजही नसतो, नुसतं आठवड्यातून एक विमान, हॉस्पिटल नाही, वीज नाही आणि उन्हाने माणूस करपतो, सगळं मिळून बेरीज वरच जाते. अक्षर जवळजवळ तेच पण जगणं एकदम वेगळं. पहिल्या प्रकारात तुम्ही कंपाउंडच्या आत, कंटेनरसारख्या खोलीत, संध्याकाळी कर्फ्यू, बाहेर पडायचं तर गाडी आणि परवानगी. दुसऱ्या प्रकारात बाजारात पायी फिरता येतं, शेजाऱ्यांकडे चहा होतो, पण दात दुखला तर विमान पकडावं लागतं. मला स्वतःला दुसरा प्रकार दहापट परवडला, माझ्या एका मित्राला नेमका पहिला, तो म्हणायचा की निदान आत जिम आहे, इंटरनेट आहे आणि डॉक्टर आहे. म्हणून नुसतं अक्षर विचारू नका, अक्षर कशामुळे आलं ते विचारा.

धोक्याचे पैसे पण वेगळे असतात. डेंजर पे. तो २०१२ ला जुन्या हॅझर्ड पेच्या जागी आला, तेव्हा महिन्याला १,६०० डॉलर होता. तो थेट यूएनच्या माणसांनाच लक्ष्य केलं जाण्याचा धोका असेल, चालू युद्धाचा धोका असेल, किंवा डब्ल्यूएचओने जाहीर केलेल्या साथीत डॉक्टर-नर्सना जीवाचा धोका असेल तिथे. म्हणजे ई पण डेंजर पे नाही असं होऊ शकतं. आणि सिक्युरिटी लेव्हल एक ते सहा म्हणून जे ऐकाल ते अजून तिसरंच प्रकरण आहे, ते एखाद्या भागात आज परिस्थिती काय आहे ते सांगतं, त्याचा थेट भत्त्याशी संबंध जोडू नका.

अजून एक, यावर कोणी बोललं नाही. हार्डशिप भत्ता फक्त बाहेरून आलेल्यांना. स्थानिक ड्रायव्हर, स्थानिक अकाउंटंट, स्थानिक नॅशनल ऑफिसर यांना तो नाही, कारण नियमाच्या भाषेत ते 'घरीच' आहेत. डेंजर पे त्यांनाही मिळतो पण स्थानिक पगाराच्या प्रमाणात. एकाच गाडीत बसून एकाच चेकपोस्टवरून जाताना हा फरक गाडीतल्या सगळ्यांना माहीत असतो. नियमाचं तर्कशास्त्र मला कळतं, भत्ता घर सोडून आल्याचा आहे म्हणून, पण गाडीत बसल्यावर ते तर्कशास्त्र सांगायची माझी कधी हिंमत झाली नाही.

भटकभवानी

बापरे, इतकं एचआरने सांगितलं असतं तर! कागदीघोडे, मला अजून एक कळत नाहीये, जिनिव्हासारख्या ठिकाणी एवढा पगार कसा मग, तिथे तर हार्डशिप शून्य. आणि झोळीवाला, आर अँड आर म्हणून जे असतं (कठीण ठिकाणाहून मधूनमधून बाहेर पडायची विश्रांतीची रजा) ते खरंच मिळतं का, की कागदावरच? एक राहिलं, मुलाला दम्याचा त्रास आहे, माइल्ड आहे, पण आहे.

कागदीघोडे

ते पोस्ट अॅडजस्टमेंट, महागाईचं. न्यूयॉर्कला आधार धरून बाकी शहरांची महागाई मोजतात आणि त्यावर पगार वरखाली होतो. जिनिव्हा महाग आहे म्हणून तिथे तो आकडा जास्त, पण जगणं सोपं म्हणून हार्डशिप नाही. ई ठिकाण स्वस्तही असू शकतं आणि भयंकर महागही, कारण सगळं बाहेरून विमानाने येतं. दोन्ही आकडे वेगवेगळे मागून घ्या, एकत्र बेरीज करून पाठवली तर काय कशाचं आहे ते कळत नाही आणि उद्या एक कमी झालं की धक्का बसतो. वर्गाचा फेरआढावा ठराविक काळाने होत असतो, वरच्या वर्गांचा जास्त वेळा, आणि अक्षर खाली आलं की भत्ता खाली. होमलोनचा हप्ता या भत्त्यावर बेतू नका.

झोळीवाला

आर अँड आर मिळतं. त्याचं चक्र चार, सहा, आठ किंवा बारा आठवड्यांचं असतं, ठिकाण किती कठीण त्यावर. सर्वसाधारणपणे डेंजर पे असेल तिथे सहा, नॉन-फॅमिलीला आठ, आणि चार अगदीच अपवाद. पाच कामाचे दिवस अधिक प्रवास. मिळतं म्हणजे हक्क आहे, पण टीम लहान असली की तुमच्या जागी बसायला कोणी नसतं आणि मग लोक पुढे ढकलतात, पुढे ढकललेलं आर अँड आर म्हणजे गेलेलं आर अँड आर समजा. आधीच्या माणसाने ते वेळेवर घेतलं का हे विचारा, ऑफिस कसं आहे ते त्यावरून कळतं.

आणि त्या सव्वीस हजारातून दुसरं घर वजा करा. तुम्ही कंपाउंडमध्ये भाडं भरणार, नवरा-मुलगा तिसऱ्या ठिकाणी भाडं भरणार, भेटीगाठींची तिकिटं, आणि फोनवरून वाढणारं मूल. शेवटच्याचा भाव कुठल्याच तक्त्यात नाही. मी एकटा होतो म्हणून मला ई परवडलं, बरोबरचे बापलोक रात्री जेवणानंतर स्क्रीनसमोर होमवर्क घेताना दिसायचे आणि नेटवर्क गेलं की चिडचिड व्हायची.

ताकापुरतं रामायण

डॉक्टर आहे, अशा ठिकाणांच्या क्लिनिकमध्ये काम केलंय, दम्याचं वाचलं म्हणून लॉगिन केलं.

ताई, ई तर नॉन-फॅमिली असल्यामुळे मुलगा तिथे नसेलच, तुमची खरी परीक्षा सी मध्ये आहे. सी म्हणजे मध्यम म्हणून निर्धास्त होऊ नका. सगळ्या घटकांची बेरीज होऊन एक अक्षर येतं, त्यामुळे हवामान वाईट पण शाळा-घरं-सुरक्षा ठीक असं असलं तरी सी येऊ शकतो, आणि नेमकी हवा हाच तुमच्या मुलाचा प्रश्न. दुसऱ्या सी मध्ये हवा छान आणि रस्त्यावरची गुन्हेगारी वाईट. म्हणून तिथल्या यूएन क्लिनिकच्या डॉक्टरला थेट लिहा: धुळीचा किंवा धुराचा सीझन कधी असतो, नेब्युलायझर आणि मुलांचं ऑक्सिजन रात्री दोन वाजता कुठे मिळतं, त्याचे इन्हेलर तिथे मिळतात की सहा महिन्यांचे घेऊन यायचे, मुलांचा डॉक्टर गावात आहे का, आणि मेडिकल इव्हॅक्युएशन लागलं तर कुठल्या शहरात नेतात, किती तासांत. कुटुंबाची मेडिकल क्लिअरन्स ऑफर स्वीकारायच्या आधी करून घ्या. आणि दमा लपवू नका तिथे, लोक लपवतात.

उंटावरून शेळ्या

डॉक्टरांशी पहिल्यांदाच सहमत. शाळेचं पण बघा, एज्युकेशन ग्रांट असते पण शाळाच नसेल तर ग्रांट घेऊन काय करणार. एच सोडून बाकी ठिकाणी बोर्डिंगची मदत मिळते, पण सात वर्षांच्या पोराला बोर्डिंगला घालणार आहात का?

भटकभवानी

नाही. सी च्या क्लिनिकला डॉक्टरांचे प्रश्न जसेच्या तसे मेल केलेत आत्ता, शाळेत दुसरीत जागा आहे का ते पण विचारलंय. ई वाल्यांना अजून नाही म्हटलेलं नाही, उत्तरं येऊ देत. झोळीवाला, आधीच्या माणसाचा नंबर एचआर देत नाहीये, म्हणतात प्रायव्हसी. दुसरीकडून कसा मिळवायचा?

झोळीवाला

एचआरला सोडा. तिथल्या स्टाफ असोसिएशनला लिहा, ते स्वतःच त्या माणसाला विचारून जोडून देतात. आणि बोलणं झालं की त्याने ती जागा का सोडली हे विचारायला लाजू नका.