क्रॉसने तडजोड केली? मग वाचा हे

बोरूबहाद्दर: काल तिरकस काकांनी टाकलं, "एस्टोनियाचा कादंबरीकार जान क्रॉस म्हणजे सोव्हिएतांशी जुळवून घेतलेला माणूस, वर्तमानावर लिहायची छाती नाही म्हणून इतिहासात लपला." डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. अहो 1944 ला जर्मनांनी धरला, 1946 ला रशियनांनी, वोर्कुताची कैद्यांची छावणी आणि सायबेरिया करून 1954 ला घरी आला. छाती नाही? त्याची 'झारचा वेडा' ही कादंबरी 1978 ची. त्यातला फॉन बॉक झारला पत्र लिहून कारभाराची लक्तरं काढतो, नऊ वर्षं किल्ल्यात सडतो, सुटतो तो 'वेडा' ठरून. आणि 1978 ला सोव्हिएत सरकार विरोधकांना कुठे पाठवत होतं? वेड्यांच्या इस्पितळात!

तिरकस काका: वाचलंय हो. पण झारला शिव्या दिल्या तर सोव्हिएतांचं काय बिघडतं? झार वाईट हे तर त्यांचंच म्हणणं. मार्टेन्स या झारच्या कायदेपंडितावरची त्याची कादंबरी बघा, एस्टोनियातल्या पार्नू गावचा पोरका पोरगा जन्मभर रशियन साम्राज्याची वकिली करतो आणि शेवटी ट्रेनमध्ये बसून हिशेब मांडतो. क्रॉसही तार्तू विद्यापीठात कायदाच शिकलेला. स्वतःचाच कबुलीजबाब आहे तो.

चकली: आधी जान की यान ते ठरवा. यान आहे.

तिरकस काका: आम्ही इंग्रजीतून वाचतो ताई, तिथे जे आहे.

चकली: हेच! सगळं जग इंग्रजीच्या खिडकीतून. माझ्या पासबुकावर बँकेने अकरा वर्षं माझं नाव चुकीचं छापलंय, दर वेळी "चालतंय हो मॅडम". नाही चालत.

खारीबिस्किट: +1. मराठीत एस्टोनियनमधून थेट कोण आणणार पण? आधी पुस्तकाला गिऱ्हाईक तर मिळू दे.

चकली: तेरा लाख लोकांच्या देशातल्या भाषेला गिऱ्हाईक मिळतं, आपण कोटीत असून रडतो.

तालिनकर: मी एस्टोनियात, तालिनला तीन वर्षं नोकरीला होतो, यानच म्हणतात, विषय संपला. रोज होली घोस्ट चर्चवरून जायचो, बाहेर भिंतीवर निळं-सोनेरी जुनं घड्याळ. बाल्थासार रुसोव्ह तिथलाच पाद्री, 1578 ला लिव्होनियाची, म्हणजे आताच्या एस्टोनिया-लाटव्हिया भागाची, बखर लिहिली. त्याच्यावर क्रॉसने कादंबरीचे चार खंड लिहिले. त्यात तो एस्टोनियन गाडीवानाचा पोर, जर्मनांत जर्मन होऊन वावरणारा. ज्यांचा इतिहास कायम मालकांनीच लिहिला त्यांना हे केवढं वाटत असेल.

तिरकस काका: म्हणजे क्रॉसने त्याला जातीचा दाखला काढून दिला. 😀

तालिनकर: हसा. क्रॉसने मनाने नाही रचलं, पॉल योहान्सेन नावाच्या इतिहासकाराने आधीच तसं मांडलं होतं.

तिरकस काका: मांडलं होतं, सिद्ध झालं होतं का? आमच्याकडे पण कादंबरीकार असंच करतात आणि मग लोक कादंबरीच इतिहास म्हणून भांडतात.

बोरूबहाद्दर: विषय भरकटवू नका. माझे वडील आणीबाणीत सरकारी नोकर. ऑफिसच्या भित्तिपत्रकात त्यांनी रावणाच्या दरबारावर लिहिलं, खुशमस्करे, कान भरणारे, सगळं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, कागद समोर ठेवला, दोन मिनिटं बघत बसले. मेमो द्यायचा तर "रावण म्हणजे अमुक" असं स्वतःच्या सहीने लिहावं लागणार! "हस्ताक्षर सुधारा" म्हणाले आणि कागद परत दिला. क्रॉसच्या सेन्सॉरची हीच गोची. बंदी घालायची तर झार म्हणजे कोण ते आधी यांनीच कबूल करायचं.

तिरकस काका: वडिलांना नमस्कार. क्रॉसला अर्धा. वडिलांना त्या लेखाचं मानधन मिळालं नव्हतं.

बोरूबहाद्दर: मानधन म्हणून आठ वर्षं कैद मिळाली की क्रॉसला, आगाऊ.

तिरकस काका: बरं, पाऊण. पण मार्टेन्सबद्दल शब्द मागे घेत नाही.

चकली: आणि जान?

तिरकस काका: यान, यान! आता पासबुक दुरुस्त करून घ्या.